कोमची गाडी बोलायला लागली

कुमासी शहरात ओबुआसीच्या गाड्या सुटतात त्या स्टँडवर जाबूर कोण म्हणून विचारलंत तर लोक खांदे उडवायचे. कोम विचारा, भात विकणारी बाईसुद्धा बोट दाखवायची. तिथली रीतच अशी, गाडीच्या मागच्या काचेवर जे रंगवलेलं असेल तेच ड्रायव्हरचं नाव. व्हॅन मालकिणीची, पण काचेवरचा शब्द जाबूरनं निवडलेला. कोम, म्हणजे गप्प. आणि गाडी होतीच तशी. स्टँडवर चालू असली तरी आत लेकरं झोपायची. त्याचा त्याला काय तो तोरा!

मग क्लच गेला. मालकीण आच्याबाई कापडाच्या व्यापारातली, टिकाऊपणा बघणारी. तिनं इंजिनाला जोडलेलं कंपनीचं फिरतं चाक, म्हणजे फ्लायव्हील, नको म्हणून बाजारातलं भरीव चाक आणि नवा क्लच बसवायला सांगितलं. काम अदोमाको मिस्त्रीकडे.

"मामा, जुन्या चाकाच्या पोटात स्प्रिंगा होत्या, हादरे त्या गिळायच्या," अदोमाको जाबूरला म्हणाला. "हे सलग लोखंड. न्यूट्रलला उभी असली की खडखडणार, क्लच दाबला की बंद. तो दोष नाही, स्वभाव आहे. पेडलही जरा कडक लागेल. फक्त त्या आवाजापायी क्लचवर पाय देऊन बसू नका. बेअरिंग जळेल."

"लोकांना ऐकू येईल?"

"लोकांना काय पडलंय?"

मिस्त्री शहाणा, पण त्याच्या नावाची गाडी नव्हती ना ती. दुसऱ्या दिवशी स्टँडवर शेजारचा ड्रायव्हर खिडकीत वाकून म्हणाला, "काय कोम, वाचा फुटली वाटतं? डब्यात खिळे भरलेत की काय?" सगळे खिदळले. प्रार्थनेला निघालेली एक बाई पायरीवर थबकली, "ही वाटेत बसेल हो," म्हणाली आणि मागच्या गाडीत जाऊन बसली. थट्टा त्यानं गिळली असती. ती बाई मात्र जिव्हारी लागली.

त्यानं क्लच दाबला. आवाज गेला.

मग तेच सुरू झालं. गाडी भरेपर्यंत एसीची थंड हवा हवीच, नाहीतर कोणी चढत नाही, म्हणून इंजिन चालू. आणि इंजिन चालू आहे तोवर जाबूरचा डावा पाय त्या कडक पेडलवर. पोटरी थरथरायची, गुडघा ठणकायचा, चेहरा मात्र देवळातल्या मूर्तीसारखा. घरी बायको दुफिये पायाला तेल चोळताना म्हणायची, "पाय जाईल एक दिवस तुमचा." तो म्हणायचा, "गाडी ठीक आहे." अहो, पायाचं विचारतेय ती! पण माणसाला एकदा नाव मिळालं की त्याला दुसरं काही सुचत नाही.

शेवटी ओबुआसीच्या वाटेवर बेकवाईच्या चढावर पेडल दाबताच कर्रकन आवाज झाला आणि ते खाली जाऊन तिथंच राहिलं. भरली गाडी रस्त्यात उभी.

अदोमाकोनं गिअरबॉक्स उतरवला. बेअरिंग जळून निळं पडलं होतं. आच्याबाई बाजूला उभी होती. माल खोटा निघाला म्हटलं असतं तर तिला पटलंही असतं.

"पाय ठेवत होतात?" तिनं विचारलं.

जाबूरनं डावा पाय मागं घेतला. अदोमाकोनं मान खाली घातली.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

गाडी सोआ नावाच्या पोरसवदा ड्रायव्हरला गेली. पुढं जाबूर बदली काम मागायला स्टँडवर आला तेव्हा ती न्यूट्रलला बिनधास्त खडखडत होती. सोआ पाय वर घेऊन केळं आणि शेंगदाणे खात होता. लोक चढत होते. ती प्रार्थनेची बाईसुद्धा पुढच्या सीटवर बसून शेजारणीशी गप्पा मारत होती. कुणाच्या कानावर तो आवाज जातच नव्हता. जाबूरचा डावा पाय मात्र उभ्या जागी जमिनीवर दाबला गेला.

"कोम, काढ गाडी!" स्टँडवर गाड्यांचे नंबर लावणारा ओरडला.

जाबूर चटकन पुढं झाला. सोआनं गिअर टाकला आणि गाडी निघून गेली.

नंबर लावणारा जरा ओशाळला. इतकी वर्षं जाबूरला त्याच नावानं त्यानंच हाका मारल्या होत्या. "मामा," तो म्हणाला, "तुम्हाला आता काय म्हणायचं?"

"जाबूर."

"काय?"