वास गेल्यानंतर

साध्या तापाचं निमित्त झालं आणि माझा वास गेला. ताप आला तसा उतरला, पण चहा नुसता गरम लागायला लागला. एकदा गॅसवर दूध करपून काळं झालं, तरी शेजारच्या खोलीत मला पत्ता नाही. परळच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. वास म्हणजे काय, हे पोरांना समजावताना कधी अडखळले नव्हते: हवेतून रेणू येतात, नाकात वर जाऊन बसतात, तिथून मेंदूला निरोप जातो. निसर्ग समजून घ्यायला विज्ञानाशिवाय दुसरा रस्ता नाही, असंही ठणकावून सांगायचे. अजूनही सांगते, जरा आवाज खाली घेऊन.

डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूला धक्का बसलाय, कदाचित भरून येईल. तीव्र वास रोज हुंगत राहा. मी लवंग, लिंबू, निलगिरीच्या बाटल्या मांडल्या आणि सकाळ-संध्याकाळ नेमाने हुंगायला लागले.

मला खरं तर एकच वास परत हवा होता. माझी आई गिरगावातून फोर्टातल्या ऑफिसात जायची. ती वारल्यावर तिची पर्स मी मागून घेतली होती. उघडली की वेलची, पावडर आणि ओली छत्री यांचा मिळून एक वास यायचा, आणि आई आत्ता ऑफिसातून आलीये असं वाटायचं. आता उघडली तर नुसती पर्स. त्या दिवशी मी पोटभर रडले.

माझ्या सासूबाई मालवणकडच्या. लग्न करून लालबागला आल्या त्याला जमाना झाला, बोली मात्र तिकडचीच. माझ्या बाटल्या बघून म्हणाल्या, "अगो, बाटलेतलो वास घेऊन काय करतलंस? तो खंयसून इलो, कोणी आणलो, कायच म्हायत नाय."

"अहो आई, औषध आहे ते."

"मग घे गो बाय. नको कोण म्हणता?"

आणि मी विसरले तर त्याच आठवण करून द्यायच्या. जोडीला त्यांचंही सुरू झालं. कधी ओली हळद, कधी फोडलेलं कोकम, कधी तव्यावरचा सुका बोंबील माझ्या नाकाशी आणायच्या आणि तो जिन्नस कुठल्या गावाहून, कुणाच्या हातून आला ते सांगत बसायच्या. माहेरी बोंबलाच्या नुसत्या नावाने नाक मुरडणारी मी, आता तव्यात तोंड खुपसून उभी!

हळूहळू लिंबू आलं, मग लवंग. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पर्स मात्र गप्पच राहिली.

मग सुरंगीचे दिवस आले. दादरच्या फूलबाजारात ती क्वचित दिसते. सासूबाई सकाळीच जाऊन एक गजरा घेऊन आल्या आणि थेट माझ्या ओंजळीत ठेवला. त्या वासातले रेणू मी फळ्यावर काढून दाखवले असते. खोल श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला.

"येता?"

"नका ना सारखं विचारू!" मी चिडलेच.

त्यांनी मनावर घेतलं नाही. "नाय तर नाय. आण हकडे. तुझ्या वाटचो मी घेतंय."

गजरा नाकाशी धरून त्या डोळे मिटून बसल्या. बराच वेळ. मग सांगायला लागल्या. पहाटे झाडावर चढणारे भाऊ, त्यांना कडकडून चावणारे ओंबील, म्हणजे लाल मुंगळे, खाली लुगडं पसरून बसलेल्या बायका, त्यांत त्यांची आई, त्यांच्या बोलीत आवस. माझा राग कधी गेला कळलंच नाही. इतकं कुणी माझ्यासाठी कधी हुंगलं नव्हतं.

"पण वास कसा असतो?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "ह्यो वास आरडत येणा नाय. चुलीकडे हात गुतलेले असतत, आणि मागल्या दारान आवस येऊन उभी रवता. बोलणा नाय कायच. तसो."

आमच्या लालबागच्या खोलीला मागलं दार नाही. तरी मी वळून पाहिलं.