आडव्या बाटल्या

भाऊ पुण्याहून निघण्याआधीच मी त्याला फोनवर तीन गोष्टी सांगून ठेवल्या. जेवण झाल्याशिवाय विषय काढायचा नाही. बायकोला नववा महिना लागलाय हे आधी सांगायचं, बीअर मागून. आणि माय चिडली तर उलट बोलायचं नाही. तिन्ही त्यानं कबूल केल्या.

भाऊ पुण्यात बीअरच्या कारखान्यात कामाला आहे. बीअर बनवणं हीच त्याची नोकरी. ती लागल्यापासून माय त्याच्या घरी गेलेली नाही. त्याच्या बायकोला आई नाही, तेव्हा बाळंतपणाला मायनं यावं एवढंच त्याला हवं होतं. त्याला वाटत होतं की आपल्या हातची बीअर तिनं नुसती हुंगली, तरी हे बापाच्या दारूसारखं नाही हे तिला कळेल. मला ते पटलं नव्हतं. बाळंतपण पटत होतं, म्हणून मी मध्ये पडले.

आमचा बाप गावठी पिऊन यायचा आणि रिकाम्या बाटलीनं मारायचा. मायच्या डाव्या भुवईतून गेलेला व्रण त्या बाटलीचा. आधी तो तिचं मनगट धरायचा, पळता येऊ नये म्हणून. भाऊ तेव्हा बाजेखाली असायचा, मी दाराबाहेर. बाप गेल्यानंतर काही वर्षांनी गावात दारूबंदीचं मतदान झालं. उभ्या बाटलीला मत म्हणजे दुकान राहू द्या, आडवीला मत म्हणजे बंद करा. माय घरोघर फिरली. आडवी बाटली जिंकली. तेव्हापासून घरातली फिनेलची बाटलीसुद्धा ती आडवी ठेवते.

भावानं आणलेली बीअर बेल्जियमच्या पद्धतीची होती. बाटली भरताना तीत थोडी साखर घालतात आणि बूच लावतात. आत यीस्ट जिवंत असतं, ते साखर खातं, बीअर बाटलीतच पुन्हा आंबते आणि आत वायू कोंडतो. म्हणून बाटली उभी ठेवायची, गाळ तळाला बसू द्यायचा, ऊन लागू द्यायचं नाही. रात्री त्यानं खोकं आणलं तेव्हा माय झोपली होती. मी ते जिन्याखाली रांजणाशेजारी ठेवून ओल्या पोत्यानं झाकलं.

सकाळी पाणी काढताना ते मायला सापडलं. आम्हाला न कळवता तिनं खोकं उचलून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेलं आणि एकेक बाटली हळदीच्या पोत्यांपुढे आडवी केली. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत पाय ठेववत नाही.

आम्ही जेवत होतो. भावानं नवव्या महिन्याचं नुकतंच सांगितलं होतं. तेवढ्यात वर धडाका झाला. मला वाटलं ट्रान्सफॉर्मर उडाला. मग दुसरा, मग दोन एकदम, आणि पत्र्यावर काचा आपटल्याचा आवाज. माय पळाली नाही. जागेवरच गुडघ्यात डोकं घालून, दोन्ही हात डोक्यावर घेऊन ती मुटकुळं करून बसली. तिचं ते बसणं आम्हा दोघांच्या ओळखीचं होतं. भाऊ वाकळ उचलून वर धावला.

मी पोचले तेव्हा तो फुटायच्या राहिलेल्या बाटल्यांवर वाकळ टाकत होता. एक त्याच्या हाताखालीच फुटली. मनगटापासून कोपरापर्यंत हात उलला. फेस, रक्त आणि हळद, सगळं एकत्र वाहत होतं. मी पदर फाडून हात बांधत होते, एवढ्यात माय मुसळ घेऊन आली.

ती वाकळीवर हाणायला लागली. तोंडातून शब्द नाही, फक्त प्रत्येक घावाला हुंकार. वाकळीखाली बाटल्या फुटत होत्या, काचा बाहेर उडत होत्या. भाऊ म्हणाला, डोळ्यात जाईल माय, थांब. एक घाव त्याच्या खांद्यावर बसला, तरी ती थांबली नाही. मग त्यानं तिचं मनगट धरलं.

माय एकदम गार झाली. डोळे मिटून, मान एका बाजूला वळवून ती मार खायला उभी राहिली.

भावानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि मनगट सोडलं. दोन्ही हात पाठीमागे लपवले. रक्त पाठीवरून खाली गळत होतं.

बऱ्याच वेळानं मायनं डोळे उघडले. म्हणाली, "तुह्या बापानं हात कधी सोडला न्हाई."

भावाला जवळच्या हट्टा गावी नेऊन टाके घातले. दवाखान्यात विचारलं, कोण पिलं होतं? पूर्वी अशा प्रश्नाला मायचं एकच उत्तर असायचं, की मी पडले. या वेळी ती सरळ बोलली, "कुनी पिलं न्हाई. म्याच बाटल्या उनात ठिवल्या."

एक बाटली पोत्यामागे घरंगळून वाचली होती. मायनंच ती ओल्या फडक्यात धरून खाली आणली आणि फ्रिजमध्ये ठेवली. उभी.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "उघड. बघू दे काय हाय ते."

भावाचा हात बांधलेला, म्हणून बूच मी काढलं. फेस वर आला. तो सांगत गेला तशी मी पेला तिरपा धरून सावकाश ओतली आणि गाळ बाटलीतच राहू दिला. रंग मधासारखा, जरासा गढूळ. वास पिकलेल्या केळीचा, मागून लवंगेचा. पहिला घोट जिभेवर टोचला, मग गोड लागला, गिळल्यावर मेथीच्या दाण्यासारखा कडू राहिला. मला ती आवडली, आणि त्याचा मला रागही आला.

मायनं पेला नाकाशी नेला. बुद्धाचं पाचवं शील, दारूला न शिवण्याचं, ती मोडणार नव्हती, पण हुंगलं मात्र नीट, दोनदा.

"केळीच्या वखारीचा वास हाय," ती म्हणाली. "त्याच्या तोंडाचा न्हाई."

मग पेला मोरीत ओतला, बाटलीही ओतली, आणि बाटली आडवी केली. म्हणाली, "येते मी. पोरीसाठी येते, तुह्यासाठी न्हाई. घरात बाटली दिसली की वापस."

भावानं नुसती मान हलवली.

मी सामान काढायला बसले. डिंक, अळीव, खारीक, जुन्या लुगड्यांची बाळोती. मायनं मुसळही बांधायला लावलं. डिंक कुटायला तिकडे मिक्सर आहे, मी म्हटलं.

"असू दे," माय म्हणाली.