साडूंचे केस येणार आहेत

केस परत येणार आहेत, या गोष्टीवर माझ्या साडूंचा जेवढा विश्वास आहे, तेवढा आमच्या नॉटिंगहॅममध्ये देव, डॉक्टर आणि हवामान खातं या तिघांवर मिळूनही कुणाचा नसेल. माझं लग्न ठरलं तेव्हा, म्हणजे बावीस वर्षांपूर्वी, बायकोच्या मोठ्या बहिणीच्या या यजमानांशी माझी ओळख करून दिली गेली. हात पुढे करण्याआधी त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग जरा बाजूला येऊन कानशिलांकडे पाहिलं आणि हळहळून म्हणाले, "तुमचंही निघालंय वाटतं. काळजी करू नका. पाच वर्षांत औषध येतंय." आपलं काही निघालंय याची मला तोवर कल्पनाही नव्हती. पाच वर्षांनी माझ्या डोक्यावर जे उरलं होतं त्याला केस म्हणणं हा निव्वळ सौजन्याचा भाग होता, आणि औषध अजून पाच वर्षांवर होतं. आजही ते तेवढंच लांब आहे. फार शिस्तीचं औषध आहे ते, आपलं अंतर कधी सोडत नाही. मी मधल्या काळात शरण गेलो, उरलेलं सगळं उतरवून टाकलं आणि शॅम्पूच्या रांगेकडे न बघता दुकानातून चालत जायला शिकलो. साडू मात्र थांबले. असा हा धीराचा माणूस यंदाच्या एप्रिलमध्ये एकाएकी घाईला आला. ती घाई कशासाठी होती हे कळल्यापासून मी त्यांच्या डोक्यावर विनोद करणं सोडलं आहे. म्हणजे, हे लिहून झाल्यावर सोडणार आहे.

साडू मूळचे भंडाऱ्याकडचे, शिकले नागपूरला, आणि गेली अठ्ठावीस वर्षं इथल्या एका हॉस्पिटलात भूल देतात. भुलीचा विषयच का घेतला, याचं ते फार गंभीर कारण सांगतात. ताई, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणी, वेगळं सांगतात. त्यांच्या मते ऑपरेशन थिएटरमध्ये दिवसभर डोक्यावर टोपी असते, आणि जो पेशंट फार निरखून बघायला लागेल त्याला दहा आकडे मोजायच्या आत झोपवायची सोय असते. टक्कल हा शब्द साडूंनी आजवर उच्चारलेला नाही. ते 'सध्याची परिस्थिती' म्हणतात. दर रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला जातो तेव्हा वरण-भातावर तूप पडायच्या आत जगभरातल्या प्रयोगशाळांतून त्या आठवड्यात काय काय उगवलं याचा अहवाल मिळतो. कुठे मुळांच्या झोपी गेलेल्या पेशी जाग्या केल्या, कुठे बशीत केसाचं मूळच तयार केलं. अडचण एवढीच, की हे सगळे केस उंदरांना येतात. जपानपासून अमेरिकेपर्यंत उंदरांच्या पाठीवर घनदाट जंगल माजलंय आणि माणूस आपला बसलाय वाट बघत. "उंदरात जमलं म्हणजे माणसात जमणारच," साडू पोळीचा तुकडा मोडत म्हणतात. "मग पुढच्या खेपेला उंदीर होऊन या," ताई म्हणतात आणि कोशिंबिरीचं भांडं माझ्याकडे सरकवतात.

पण औषध येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, हातातली जमीन तरी राखायची, असं त्यांचं धोरण. त्यासाठी एक निळी फाइल आहे. तिच्यात बाजारात असलेल्या प्रत्येक उपायाचं एक पान, डाव्या बाजूला फायदे, उजव्या बाजूला तोटे, आणि खाली ताईंचं मत. ते पेन्सिलने लिहिलेलं असतं, कारण साडूंना ते खोडायचं असतं. पहिलं पान लोशनचं. हे रोज दोनदा चोळायचं, आयुष्यभर चोळायचं, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला त्याने केस आणखी गळतात. "जुनी माणसं रिटायर होतात, मग नवी भरती," असं त्यांनी मला समजावलं. नवी भरती झालीच नाही असं नाही, डोक्याच्या शेंड्यावर मऊ लव आली, आणि ती दाखवायला ते दिव्याखाली असे वाकायचे की पाहुण्यांना वाटायचं नमस्कार करतायत. लोक गोंधळून आशीर्वाद द्यायचे. पुढे त्यांनी कुठेतरी वाचलं की हे लोशन मांजरांना विषारी असतं. झालं. शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रज बाईंचं मांजर कुंपणावरून उतरून त्यांच्या मांडीवर यायचं. आता ते दिसलं की साडू दोन्ही हातांनी डोकं झाकून घरात पळायला लागले. बाईंचा गैरसमज नको म्हणून त्यांनी रीतसर पत्र लिहून त्यांच्या दारातून टाकलं, की कृपया आपल्या मांजराला माझं डोकं चाटू देऊ नये, ते त्याच्या जिवाला घातक आहे. तेव्हापासून त्या बाई साडू दिसले की रस्ता ओलांडतात.

गोळीचं पान चार वेळा लिहून झालंय. गोळी काम करते, हे ते डॉक्टर म्हणून मान्य करतात, पण तिच्याबरोबर येणारा कागद उलगडला की त्यांचा चेहरा उतरतो, कारण त्यात नको ते परिणाम बारीक अक्षरांत दिलेले असतात आणि त्यातले बहुतेक त्यांना वाचता वाचताच जाणवायला लागतात. "दुसऱ्याला अख्खं बेशुद्ध करताना हात थरथरत नाही यांचा," ताई म्हणतात. मग पावडरीचं पान. ही पावडर विरळ केसांवर भुरभुरवली की ते दाट दिसतात. "ही फसवणूक नाही, नुसती सूचना आहे," असं म्हणत साडू मंडळाच्या गणपतीला पांढराशुभ्र झब्बा घालून निघाले. हॉलपर्यंत सगळं ठीक होतं. पण कार पार्कमधून आत येईस्तोवर इथला तो बारीक, दिसेल न दिसेल असा पाऊस लागला, आणि आरतीला उभे राहिले तेव्हा ती सूचना दोन्ही कानांवरून ओघळत झब्ब्याच्या गळ्यात उतरत होती. तबक त्यांच्याच हातात असल्यामुळे पुसताही येईना. समोरच्या बाईंनी आपल्या नातवाला हळूच सांगितलं की काकांना फार भरून आलंय.

केसरोपणाच्या पानासाठी डोकं माझं वापरलं गेलं. हे शास्त्र त्यांना मनापासून पटलं होतं, कारण ते त्यांच्या गावचं होतं. "साडूबुवा, ही धानाची रोवणी आहे हो," ते म्हणाले. "मागे दाट रोपं आहेत. ती उपटायची, पुढे चिखलात लावायची. आमच्या गावच्या बायांना सांगितलं तर एका दिवसात डोकं हिरवं करतील." स्वतःच्या डोक्यावर आखून बघणं जमेना म्हणून त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि शस्त्रक्रियेआधी कातडीवर खुणा करायचा जांभळा पेन घेऊन माझ्या टाळूवर बांध घातले, वाफे पाडले, पुढची हद्द आखली. तासाभराने कळलं की हा पेन पुसला न जाण्यासाठीच बनवलेला असतो. सोमवारी ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगला मी जुलैच्या उकाड्यात लोकरीची टोपी घालून बसलो. आमच्या मॅनेजरबाईंनी फार मायेनं विचारलं, घरी हीटिंग बंद पडलंय का.

इतकं होऊनही हे पान त्यांनी वर्षानुवर्षं उलटवून ठेवलं होतं. पाच वर्षांत औषध येणार असताना मागची रोपं पुढे आणून मागचं रान ओसाड कशाला करायचं, असा त्यांचा हिशेब. आणि मग एप्रिलमध्ये एक दिवस ते दोन तिकिटं घेऊन माझ्याकडे आले. सप्टेंबरात इस्तंबूल, म्हणजे केसरोपणाची पंढरी. एक त्यांचं, एक माझं, कारण परत येताना डोक्याला पट्ट्या असतात आणि बॅग उचलायला कुणीतरी लागतं. मी हसलो. म्हटलं, "आता हो कशाला? रिटायरमेंटच्या फोटोसाठी?" ते चहा पिऊन निघून गेले. कारण नंतर ताईंनी फोनवर सांगितलं.

साडूंच्या आई नागपूरला धाकट्या मुलाकडे असतात. पंच्याऐंशीच्या. दर रविवारी सकाळी अकराला इथून व्हिडिओ कॉल जातो, तेव्हा तिकडे दुपारच्या चहाची वेळ असते. वर्षभरापासून त्यांचं विसरणं वाढलं होतं. आधी वार गेले, मग शेजारी गेले, आणि एप्रिलातल्या त्या रविवारी त्यांनी पडद्याकडे बघून धाकट्याला विचारलं, "हे कोण साहेब आहेत?" साडू म्हणाले, "आई, मी." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. साडू इंग्लंडला निघाले त्याच्या आदल्या दिवशीचा फोटो, डोक्यावर कंगवा मोडेल असे केस. "माहा पोरगा तो आहे," त्या म्हणाल्या. "इंग्लंडले असते तो."

रोवलेले केस नीट यायला वर्ष लागतं. हे साडूंनीच मला सांगितलं, एकदा गाडी चालवताना, समोर बघत. "सप्टेंबर म्हणजे पुढच्या सप्टेंबरपर्यंत. तेवढं थांबेल का हो ती?" मी रेडिओचा आवाज कमी केला, तो आधीच बंद होता.

तोवर काय करायचं म्हणून त्यांनी आपलं सगळ्यात मोठं तत्त्व मोडलं. विगच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'कदापि नाही' असं लिहिलेलं होतं, तरी त्यांनी विग मागवला, आणि जूनच्या एका रविवारी तटस्थ मत हवं म्हणून मला साडेदहालाच बोलावून घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते विग घालून बसले होते. फोटोत होते तसेच काळेभोर केस, तसाच उजवा भांग, आणि खाली अठ्ठावन्न वर्षांचा चेहरा. मुलगा बापाच्या डोक्यावर चढून बसावा तसं ते दिसत होतं. "खरं सांगा," साडू म्हणाले. मी ताईंकडे पाहिलं. ताई मटार सोलत होत्या. त्या शेंगेकडे बघत राहिल्या. "लांबून बरं दिसतंय," मी म्हणालो. "नागपूर लांबच आहे," साडू म्हणाले आणि फोन लावला.

आईंनी पडद्यावर पाहिलं, चष्मा वर-खाली केला, आणि त्यांना असं हसू फुटलं की धाकट्याच्या हातातला फोन हलायला लागला. "हा कोण रे बाप्पा? मंडईच्या नाटकातला आहे का?" भंडाऱ्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्र रात्र नाटकं चालतात, आणि त्यातल्या नायकांचे केस असेच असतात. ताईंना हसू आवरेना. मलाही. साडूंनी आमच्याकडे बघितलं, विग काढून मटारांच्या सालांवर ठेवला आणि घामेजलेल्या डोक्यावरून पुढून मागे तळहात फिरवला.

आईंचं हसणं थांबलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "केव्हा आले तुम्ही?" त्या म्हणाल्या. "जेवले का?"

साडूंच्या वडलांना मी एकदाच पाहिलं होतं, माझ्या लग्नात. हेडमास्तर होते. हेच कपाळ, हेच डोकं, आणि त्यावरून असाच पुढून मागे फिरणारा तळहात. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

साडू पडद्याकडे जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "जेवलो." आमच्यासारख्या पुणेकरांशी ते पुस्तकी मराठी बोलतात, पण आता त्यांचा आवाज सरळ गावी उतरला. आई सांगायला लागल्या, गुडघा दुखते, सून चहात साखर कमी टाकते, आणि पोराचा फोन येत नाही. "त्याले रागावू नका तुम्ही. कामात असन तो."

"येते ना त्याचा फोन," साडू म्हणाले. "दर रविवारी करते."

"करते? चांगला आहे?"

"चांगला आहे."

"मंग बरं," आई म्हणाल्या. पंधरा मिनिटं बोलल्या. फोन ठेवल्यावर साडू उठले, सिंकपाशी जाऊन तोंड धुतलं, आणि मला म्हणाले, "साडूबुवा, तुमचं इस्तंबूल हुकलं." ताईंनी सालांतून विग उचलून झटकला. तो आता त्यांच्या मुलीकडे लेस्टरला असतो, तिच्या कॉलेजच्या नाटकात त्याला नायकाचंच काम मिळालंय. निळी फाइल कपाटात आहे. लोशनही बंद झालं. शेजारचं मांजर हे कसं ओळखतं कोण जाणे, पण ते परत मांडीवर यायला लागलंय, फक्त त्याच्या मालकीणबाई अजून रस्ता ओलांडतात.

रविवारी अकराला आता मीही तिथे असतो, चहा आयता मिळतो. साडू दाढी करून, डोकं पुसून बसतात, आणि अठ्ठावीस वर्षं घराबाहेर असलेल्या मुलाबद्दल आईच्या तोंडून तास तास ऐकून घेतात. तो लहानपणी कसा हट्टी होता, त्याला खीर किती आवडायची, त्याच्या डोक्याला तेल लावायला अर्धी वाटी कशी लागायची. कधी कधी ते मध्येच विचारतात, "मी त्याले मारलं होतं का कधी?" आणि आई म्हणतात, "एकदाच." हे साडूंनाही ठाऊक नव्हतं.

गेल्या रविवारी आई बोलता बोलता थांबल्या आणि पडद्याच्या अगदी जवळ आल्या. नुसतं कपाळ आणि डोळे दिसत होते. "एक विचारू का तुम्हाले?" त्या म्हणाल्या. "त्याचे केस तं नाही ना गेले? तुमच्यावर तं नाही ना गेला तो?"

साडूंनी डोक्यावरून तळहात फिरवला.

"नाही गं," ते म्हणाले. "तुह्यावर गेला."

आई समाधानानं मागे टेकल्या. "मंग भेटल त्याले चांगली पोरगी," त्या म्हणाल्या. ताई शेजारीच बसून कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "भेटल हो आई," त्या हळूच म्हणाल्या.