सतरा क्रमांकाची प्रश्नावली

माणसातला क्रूरपणा मोजता येतो, हे मला पहिल्यांदा सांगितले ते आमच्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी. तुमसरच्या त्या स्टाफरूममध्ये शेजारच्या राइस मिलचा कोंडा खिडकीतून उडून येई आणि आमच्या वह्यांवर, चहाच्या कपांच्या कडांवर पिवळसर साय धरून बसे. बाईंच्या संशोधनाची प्रश्नावली इंग्रजीत होती. मी कविता शिकवते, म्हणून भाषांतर माझ्याकडे आले. ‘मी इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे.’ ‘माझ्यामुळे कुणाला दुखापत झाली तरी माझी झोप मोडत नाही.’ ‘माझा अपमान करणाऱ्याला मी धडा शिकवतो.’ प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन, पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत. पहिला भाग स्वतःवरच्या प्रेमाचा, दुसरा मनाच्या थंडपणाचा, तिसरा हात उगारण्याच्या सवयीचा. स्वतःवर भाळलेला माणूस बहुधा दुखावला गेला की मारतो, असे बाई म्हणाल्या. थंड माणसाला दुखावले जाण्याचीही गरज नसते.

“पण असे लोक कागदावर खरे सांगतील?” मी विचारले.

“सांगतात. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नाही.”

ती वाक्ये मराठीत उतरवताना माझ्यासमोर एकच माणूस उभा होता, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. सिहोऱ्याजवळच्या गावात तिचे घर. तो हसला की घरापुढच्या छपरीत बसलेले सगळे हसत. त्याच्या आवाजाला गुळाची चव होती. माझी बहीण मात्र मे महिन्याच्या उन्हातही लांब बाह्यांचे ब्लाउज घाली. विचारले की म्हणे, “बांधीवरून पाय घसरला.” तिला माहेरी, आमच्या घरी आणावे असा विषय मी काढला की आमचा मोठा भाऊ म्हणे, “असा हसतमुख माणूस. तुलेच काही तरी दिसते.” मला भावापुढे ठेवायला एक आकडा हवा होता, ज्याच्यावर त्याला हसता येणार नाही असा. कुणाचेही गुण कुणालाही सांगायचे नाहीत, ही संशोधनाची पहिली अट. ती मी मनात आधीच मोडली होती.

पोळ्यानंतरच्या पंधरवड्यात मी प्रश्नावल्या घेऊन त्याच्या गावी गेले. धान पोटरीला आले होते, लोंब्या अजून आत होत्या, हवेत कच्च्या दुधासारखा वास होता. त्यानेच हाका मारून पुरुष जमवले. त्यांनी ही परीक्षाच समजली.

“किती मार्काचा पेपर आहे गा?”

“दहावीत तं गेलो, आता ह्याच्यात तरी निघतो का पाहू.”

मी सांगितले की इथे पास-नापास काही नाही. कुणी मानले नाही. सतरा क्रमांकाचा कागद बहिणीच्या नवऱ्याच्या वाट्याला आला. त्याने तो न वाचता बायकोपुढे धरला. “तूच भर वो. घरातले सारे फारम तूच भरतेस.”

ती दाराच्या चौकटीला टेकून बसली. बोटांना लसणाचा वास होता. तो दोन हातांच्या अंतरावर बसून मित्रांशी बोलत होता आणि ती एकेक खूण करत होती. पूर्ण असहमत. पूर्ण असहमत. पेनाचा तो बारीक चिरका आवाज मला अजून आठवतो. तिसऱ्या भागाशी ती एकदाच थांबली, पदराने कपाळ पुसले आणि खाली शेवटपर्यंत पहिल्याच चौकोनात खुणा करत गेली. नियमाने मी तो कागद तिथेच बाजूला काढायला हवा होता. मी काढला नाही.

बेरजा झाल्या तेव्हा सर्वांत कमी गुण सतरा क्रमांकाला होते. “किती सौम्य गृहस्थ,” बाई म्हणाल्या. मी तो कागद गठ्ठ्यात परत सरकवला.

आठव्या दिवशी त्याचा फोन आला. “ताई, पेपर तपासले का? माहे किती?”

सांगता येत नाही, एवढेच मला म्हणायचे होते. “जावईबापू,” मी म्हटले, “सगळ्यांत कमी तुमचेच.”

“सगळ्यांत?”

“हो.”

त्याच्या आवाजातला गूळ उतरला होता. कमी गुण म्हणजे चांगला माणूस, हे समजावायला मला एक वाक्य पुरले असते. मी ते उच्चारले नाही, कारण त्याला पहिल्यांदाच काही तरी बोचले होते आणि ते मला गोड लागत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने बहीण आली. उजव्या मनगटाला ओले फडके गुंडाळलेले, आत निळसर सूज. अंगाला डिझेलचा आणि हळदीचा वास.

“म्हने, पेपर तूच भरला, तूच मले नापास केलं.” ती रडत नव्हती. “काहून सांगतलं वो ताई?”

हाड मोडले होते. प्लास्टर पाहून तिची पिशवी आत ठेवत भाऊ म्हणाला, “राहू दे तिले इथंच.” जे माझ्या आकड्याने व्हायचे होते, ते तिच्या हाडाने झाले.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी, भाऊ घरी नसताना, तो आमच्या दारात आला. इस्त्रीचा शर्ट, अत्तर. बायकोचे नाव काढले नाही. “ताई, कोरा पेपर द्या. मी सोता भरतो.”

मी दिला. माझ्याही मनात लोभ होता. तो एकेक वाक्य मोठ्याने वाचत, जिलेबी खावी तशा चवीने खुणा करत गेला. “मी श्रेष्ठ आहे. आहोच. झोप मोडत नाही. काहून मोडन? धडा शिकवतो. हो, शिकवतो.” आणि त्याच्याच अक्षरात खाली सही. हवे होते ते सगळे आता माझ्या टेबलावर होते.

“करा बेरीज.”

मी केली. सगळ्यांत जास्त होती, आणि ती मी सांगितली. त्याचा चेहरा उजळला. आतल्या दाराकडे बघून तो मऊ आवाजात म्हणाला, “चाल.”

बहीण दारात उभी होती. भात शिजला का हे बघायला शीत बोटात दाबावे तसे तिने त्याच्या चेहऱ्याकडे काही क्षण पाहिले. मग ती पिशवी भरायला आत वळली. मी मागोमाग गेले.

“जाऊ नको. आता त्याच्या सहीचा कागद आहे.”

“त्यात जे आहे ते मले मालूम नव्हतं का?” ती एका हाताने साडी दुमडत होती. “आज खुश आहेत. दिवाळीपर्यंत बरं राहीन. आज नाई म्हटलं तं पुन्हा येतीन, तवा असे येनार नाईत.”

तिला एका हाताने जमेना, ती साडी मीच दुमडून दिली.

बाईंना मी सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढला, दोन्ही कागदांवर तिरपी रेघ मारली आणि यादीत सतरा क्रमांकापुढे ‘रद्द’ लिहिले. नियमाने दुसरे काही करता येत नव्हते. मी तो सहीचा कागद भावाला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारले, “मग तिले जाऊ काहून दिलं?”

दिवाळी सरून चार दिवस झाले आहेत. सकाळपासून तिसऱ्यांदा तिला फोन लावते आहे. घंटी पूर्ण वाजते आणि थांबते. भाऊ तिच्या गावी निघायला बाहेर मोटारसायकल पुसतो आहे. मी चप्पल घातली आहे.