तिसऱ्या दारासमोरचा मारुती

धरणापुढे माणसाचं मस्तक आपोआप झुकतं, असं उद्घाटनाच्या भाषणांत ऐकायला मिळतं. आमच्या गावची माणसं तिथे खरोखर झुकतात. फक्त धरणावर उभं राहून, पाण्याकडे तोंड करून.

आमचं धरण मातीचं. प्रवेशद्वाराच्या फलकावर रंगाऱ्याने मात्र उंच, कमानीचं, वीज करणारं धरण काढलंय. पाहुणे त्याच्यासमोरच फोटो काढतात. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा शिळेत कोरलेला मारुती हलवता आला नाही. नव्या गावात विकतचा मारुती बसवला, पण त्याच्यावर माझ्या आत्याचा विश्वास नाही. म्हणून घरात लग्न लागलं की ती नवरा-नवरीला धरणावर नेते आणि तिसऱ्या दारासमोर पाण्याकडे बोट दाखवते, "थो पाहा मारुती. पडा पाया." तिची मुलं, सुना, मी, माझी बायको, सगळे तिथे वाकलोय.

यंदा आत्याच्या नातीचं लग्न होतं. पाणी कधी नव्हे इतकं उतरलं होतं. आम्ही तिसऱ्या दारापाशी पोचलो, तर समोर पडक्या दगडी भिंतींचा चौकोन उघडा पडलेला. मारुतीची शिळा पार डावीकडे, दुसऱ्याच काठाला.

आत्या मटकन खाली बसली. "अरे देवा, हा तं कोंडवाडा व्हय. माही म्हैस कोंडली होती इथं."

थोरला मुलगा म्हणाला, "म्हंजे इतके वर्सं आम्ही ढोराच्या कोंडवाड्याले हात जोडून राह्यलो, माय?"

"मंगच," त्याची बायको म्हणाली, "मी म्हणो, तुम्ही असे काहून."

सगळे हसले. आत्या हसली नाही. नात मुंडावळ्या सावरत म्हणाली, "आजी, मंग मी कोणाच्या पाया पडू?"

आत्या दोन्हीकडे आळीपाळीने पाहत राहिली. ती स्वतः नवरी होती तेव्हा गाव जागेवर होतं, मारुतीही खराच होता. थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि दोन लेकरं घेऊन ती माहेरी परतली.

"मी त्या मारुतीच्या पाया पडली होती," ती शेवटी म्हणाली. "सहा वर्सं पुरला माहा संसार. अन् हे कोंडवाड्यावाले पाहा, भांडतात, पण सारे जोडीनं उभे हायत. तू इथंच पड, बाई."

दोघं वाकली. माझ्या बायकोने कोपर मारलं, तसा मीही पुन्हा वाकलो.

भूसंपादनाच्या यादीत त्या जागेची नोंद 'निरुपयोगी बांधकाम' अशी आहे.