हमीचा स्टिकर

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या काकांच्या नाकावर कायम राग असायचा. त्यातच नकाशे काढणाऱ्या बाई तणतणत दुकानात शिरल्या.

"आठवड्यापूर्वी तुम्ही मेमरी दुप्पट केलीत, तरी नकाशा उघडला की हा बंद! बारापर्यंत काम पाठवलं नाही तर ते हातचं जाईल."

"माझ्या कामात खोट काढायची नाही," काका गुरकावले.

त्यांनी नकाशा उघडला. मेमरी निम्मी रिकामीच होती. तापमान मात्र सत्तर, ऐंशी, पंच्याण्णव असं चढत गेलं, लॅपटॉप रखडायला लागला आणि पडदा काळा झाला. साडेअकरा वाजले होते.

"गादीवर ठेवता ना? हवा कोंडली की तापणारच!"

"टेबलावरच असतो हो!" बाई रडकुंडीला आल्या.

काकांनी लॅपटॉप उलटा केला. पंख्याच्या जाळीवर त्यांच्याच दुकानाचा स्टिकर घट्ट चिकटला होता: 'काम चोख, सहा महिन्यांची हमी.'

त्यांनी तो खरवडून काढला. बाराला पाच कमी असताना नकाशे गेले. बाई आभार मानत होत्या, पण काकांचं लक्ष मागच्या फळीकडे होतं. तिथे गिऱ्हाइकांसाठी तयार ठेवलेले सहा लॅपटॉप होते, आणि सहाही जाळ्यांवर तीच हमी.