शैलाताईंचा श्रावण

गार्डन रीचमधल्या त्या कोंबडीवाल्याला शैलाताईंचं कोडं काही सुटत नसे. कपाळावर ठसठशीत कुंकू, जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेली ही बाई सकाळी सकाळी बर्फाचा डबा घेऊन यायची, नाकाला पदर लावून तोंड फिरवून उभी राहायची आणि नुकत्याच कापलेल्या कोंबडीचा फक्त छातीचा तुकडा घेऊन जायची. "मासीमा, आप लोग तो खाते नहीं?" त्याने एकदा न राहवून विचारलंच.

"दवाई के लिए है," शैलाताई म्हणाल्या, आणि तसं म्हणताना त्यांचा पदर नाकावरून खाली आला.

औषधबिवषध काही नव्हतं. पण हे त्यांना सांगणार कोण?

त्यांचे यजमान गुरुदत्त रेल्वेत अधिकारी. बदल्या होत होत या बंगाली मुलखात आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले, कारण धाकट्या विहंगला हलवणं आता कठीण होतं. त्याचे स्नायू लहानपणापासून झिजत चालले होते. आधी जिना सुटला, मग चालणं, मग हातातला पेला. थोरली कालिंदी शहरातल्याच एका संस्थेत पोस्टडॉक होती, म्हणजे डॉक्टरेट मिळूनही ज्यात माणूस कायम उमेदवारच राहतो असली नोकरी. स्नायूतल्या मायोसिन नावाच्या प्रथिनाचे सुटे रेणू एकमेकांना बिलगून दोर कसा वळतात, एवढंच तिला बघायचं होतं. ते प्रथिन ताज्या कोंबडीतून काढायचं, त्याचा दोर वळू द्यायचा, क्षणात गोठवायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्याची चित्रं घ्यायची. मांस लगेच बर्फात गेलं नाही तर दिवस फुकट. सकाळी कालिंदी आणि गुरुदत्त मिळून विहंगला उचलून आंघोळ घालत. शैलाताईंची कंबर कधीच गेली होती, त्यामुळे दुकानात जायला मोकळ्या त्याच उरत.

कालिंदीला ही नोकरी लागली तेव्हा शैलाताईंनी मराठी बायकांच्या हळदीकुंकवात जाहीर करून टाकलं, "आमची कालिंदी विहंगच्या आजारावर औषध शोधतेय." घरी आल्यावर कालिंदी त्यांना समजवायला बसली. पण आईचा चेहरा असा उतरत गेला की तिने वाक्य अर्ध्यावरच सोडलं. नंतर विहंग तिला म्हणाला, "राहू दे ना ताई. तिला सकाळी उठायला काहीतरी हवं. तुझं काय जातंय?"

कालिंदीचं बरंच काही जात होतं. संध्याकाळी ती चपला काढते न काढते तोच आई विचारायची, "आज काही?" आणि ती म्हणायची, "होतंय, आई." हे 'होतंय' म्हणताना तिला स्वतःची इतकी चीड यायची की ती हातपाय धुवायला म्हणून आत जाऊन नळ नुसताच सोडून उभी राहायची.

श्रावण लागला. त्या घरात श्रावणात कांदा-लसूणसुद्धा येत नसे. शैलाताई चाचरत म्हणाल्या, "एवढा महिना मला सोडशील? तिथून येऊन देवाला हात लावायचा म्हणजे कसंतरीच होतं."

"नको जाऊस गं. मला जुनीच चित्रं संगणकावर जुळवायचीयत," कालिंदी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

दिवाळीतल्या कालीपूजेच्या फटाक्यांचा धूर अजून विरला नव्हता, तेव्हा विहंगला न्यूमोनिया झाला. खोकायलाही स्नायू लागतात, आणि त्याच्याकडे ते उरले नव्हते. तो गेला. शैलाताई रडल्या नाहीत. समाचाराला येणाऱ्यांना त्या नीट बसा, पंखा लावा म्हणत राहिल्या. शेजारणी त्यांच्या धीराचं कौतुक करून गेल्या. कालिंदीला मात्र त्या धीराची भीती वाटत होती.

मार्गशीर्षात तिचं चित्र जमलं. दोराचा पीळ न् पीळ स्वच्छ दिसत होता. तिला ते घरी दाखवायचंच नव्हतं, पण गुरुदत्तांनी विचारलं आणि तिने फोन पुढे केला. शैलाताईंनी चष्मा लावून कितीतरी वेळ पाहिलं.

"माझ्यामुळे उशीर झाला," त्या म्हणाल्या. "तो श्रावण मी पाळला नसता तर हे महिनाभर आधी झालं असतं. पोर वाचलं असतं माझं."

"आई, त्या महिन्यात काहीच अडलं नव्हतं."

"माझी समजूत नको काढूस."

गुरुदत्त खाली बघत होते. कालिंदीच्या लक्षात आलं, की आता अर्धं सांगून भागणार नाही.

"आई, हे दहा वर्षांपूर्वी झालं असतं तरी विहंग वाचला नसता. हे त्याच्या आजारावरचं काम नाही. कधीच नव्हतं. निरोगी स्नायू कसा बनतो, तेवढंच आहे हे. मी तुला सांगायला हवं होतं."

शैलाताईंनी चष्मा काढला. राग नाही, काही नाही.

"विहंगला माहीत होतं?"

"हो."

"मग मी डबा घेऊन आले की आतून विचारायचा, 'आई, ताजी मिळाली ना?' ते कशाला?"

"तुझ्यासाठी, आई."

शैलाताईंनी चष्म्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या.

"आणि मला वाटायचं," त्या शेवटी म्हणाल्या, "मी त्याला धीर देतेय."

मग त्या रडल्या. विहंग गेल्यापासून पहिल्यांदा.